दारचा हिरडा

राजुरी, ता. जुन्नर
१५ सप्टेंबर

प्रिय मोहिनी,

पाकिटातलं चित्र आधी बघ, मग पत्र वाच. बघितलंस? ती आमच्या परसातली शेवग्याची डहाळी आहे. लाकडावर कोरून, शाई लावून, वर कागद ठेवून आणि आईच्या पळीच्या पाठीने घासून उमटवलेली. खाली जे परक्या लिपीसारखं काही दिसतंय ते माझं नाव. ठसा नेहमी उलटा कोरायचा असतो, हे मी चार जणांना शिकवते आणि स्वतः मात्र विसरते. आरशात धर म्हणजे वृषाली दिसेल.

तुझ्या वाडीत रेंज नाही म्हणून मी पत्र लिहितेय असं समजू नकोस. मला मुळात पत्रच लिहायचं होतं. पुण्याचं शिक्षण संपवून घरी आले तेव्हापासून कांदे साठवायच्या रिकाम्या बराखीत माझा कारखाना मांडलाय. कॉलेजात आम्ही अॅसिडने धातूचे पत्रे कोरायचो, रॉकेलने हात धुवायचो आणि ते सगळं मोरीत जायचं. इथे मोरीचं पाणी थेट आईच्या कोथिंबिरीला जातं. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "तुझी कला तुझ्यापाशी, माझ्या वाफ्यात सोडू नको." मग मी ठरवलं, जे आपण बिनधास्त वाफ्यात ओतू शकू तेवढंच वापरायचं. चिंचोक्याची खळ, गुळाचं पाणी, गॅरेजमधलं गंजकं लोखंड. गंमत माहितीये का, लोखंड गुळाच्या पाण्यात कुजत घातलं की वास असा येतो की तात्या बराखीकडे फिरकत नाहीत. हा त्याचा आणखी एक फायदा.

ठशाला कोणतं लाकूड चांगलं यावर सध्या माझं डोकं फिरलंय. सागाचे तंतू निघतात, आंबा भुसभुशीत, बाभूळ छिन्नीला दाद देत नाही. तुमच्याकडे म्हातारी माणसं कशावर कोरत होती? काही कोरत होती का? विचार ना आजीला.

आणि हो, एक मागणं आहे. तुमच्या दारात तो मोठा हिरडा आहे ना, तोच मला हवाय. जून हवा, कोवळ्याने माझं काम भागत नाही. जानेवारीत पुण्यात माझं पहिलं प्रदर्शन आहे आणि तुमच्या हिरड्यावाचून ते व्हायचं नाही. काकांना विचारशील? तुझ्याशिवाय मी कुणाकडे मागणार!

आई विचारते, मोहिनी तिकडे जाऊन बारीक झाली का.

तुझी,
वृषाली

---

वाडी, ता. आंबेगाव
२९ सप्टेंबर

प्रिय वृषाली,

तुझं चित्र माझ्या अंगणवाडीत लावलंय. पोरांनी ते उजेडाला धरून मागून तुझं नाव वाचलं, आरसा लागला नाही. आता सगळी पोरं आपापलं नाव उलटं लिहायला लागलीत. पर्यवेक्षिका बाई आल्या की काय सांगायचं ते तूच कळव.

काकूंना सांग, बारीक नाही झाले, नुसती काळी झालेय. भात लावायच्या वेळी सुट्टी घेऊन महिनाभर चिखलात होते.

कोरायचं म्हणशील तर आजीला आठवतं की तिच्या सासऱ्याकडे लाकडाचा एक ठसा होता. खळ्यावर भाताची रास पडली की राखेत बुडवून राशीवर उठवायचे, म्हणजे कुणी हात घातला तर सकाळी कळायचं. तो कुठल्या लाकडाचा होता ते तिला आठवत नाही. त्याच्यावर काय कोरलेलं होतं ते विचारलं तर म्हणाली, "आपली खूण." पुढे काही नाही. मी अजून विचारतेच आहे.

तुझ्या मागण्याचं. मी पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते हो म्हणाले. "त्या घरानं माझी पोर शिकायला तीन वर्सं पोटच्या पोरीवानी सांभाळली. त्यांनी तोंड उघडून एक चीज मागितली, तिला नाय म्हणू का मी?" असं म्हणाले. आजी आधी गप्प झाली. नंतर तीही म्हणाली की मागितलं तर द्यायचं.

भाताची कापणी होईपर्यंत मात्र थांबावं लागेल, माणसं मोकळी नाहीत. तुला किती लांबीचा लागेल ते कळव, बाबांना तसं बरं पडेल.

मोहिनी

---

राजुरी
८ ऑक्टोबर

प्रिय मोहिनी,

किती लांबीचा! काय पण विचारतेस! हसून हसून आईला पत्र दाखवलं तर ती म्हणाली, मोहिनी पहिल्यापासूनच तिरकी आहे. जेवढा असेल तेवढा द्या बाई. फक्त अख्खा द्या, तिकडे फोडू नका, फोडायचं काम माझं मी करीन. आणि सालीला धक्का लावू नका. सगळा जीव सालीत असतो, आतलं मला तसंही टाकूनच द्यायचंय.

काकांना माझा नमस्कार सांग. ते लगेच हो म्हणतील याची खात्रीच होती. आजींनी मात्र एवढं मनाला का लावून घ्यावं कळलं नाही. पुन्हा येईलच की!

मला त्या राशीच्या ठशाने झोपू दिलेलं नाही. म्हणजे तुमच्या घरात माझ्याही आधी छापखाना होता! राख किती ओली करायचे? ठसा गोल की चौकोनी? 'आपली खूण' म्हणजे देवाची की घराची? आजींना पुन्हा पुन्हा विचार, कंटाळल्या तरी विचार. आमच्याकडे परवा भादवी पोळ्याला तात्यांनी एकुलत्या एका बैलजोडीवर वाटी गेरूत बुडवून ठसे मारले. मी म्हटलं, तात्या, हे मी करते तेच आहे. तर म्हणाले, "मंग तू पुण्याला कशाला गेली व्हती?"

सोबत प्रदर्शनाचं आमंत्रण पाठवतेय, पहिलाच नमुना. कागद चिंध्या भिजवून, कुटून घरीच केलाय. जुन्नरात एकेकाळी हाताने कागद करायचे, तेव्हापासून ही हौस माझ्या डोक्यात आहे. मधली ओळ मी आठवडाभर विचार करून लिहिली: 'एकही झाड न तोडता.' कशी वाटते? खरं सांग.

तुझी,
वृषाली

---

वाडी
१० नोव्हेंबर

वृषाली,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. कापणी होती, मग दिवाळी. वाघबारशीला रानात जाऊन वाघोबाला नैवेद्य दाखवला, पोरं नाचली. वर्ष चांगलं गेलं.

खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते. आमंत्रण मी आजीला वाचून दाखवलं. मधली ओळ तिने पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाली, "दुसऱ्यानं तोडलं की आपुन न्हाई तोडलं, असं व्हत असंल तकडं."

ती काही वाईट बोलणारी बाई नाही, तुला माहीत आहे. पण 'पुन्हा येईलच की' हे मी तिला वाचून दाखवलं नाही, गाळलं. ती या घरात आली तेव्हा ते झाड तिच्या कमरेएवढं होतं. बाबांचा झोका त्याला, माझाही त्यालाच. असू दे. दिलं ते दिलं. बाबांनी सगळ्या वाडीसमोर सांगितलंय की दारचा हिरडा राजुरीच्या पोरीला दिला, आणि ते शब्द फिरवणारे नाहीत.

आमच्याकडे झाडाला आधी सांगतात. आदल्या दिवशी हळदकुंकू वाहून, नारळ फोडून, कुऱ्हाडीचा एक घाव घालायचा आणि रात्रभर सोडून द्यायचं. त्यावर जे कुणी राहत असेल त्याने सकाळपर्यंत दुसरीकडे जावं म्हणून. तर रविवारी, सतरा तारखेला सांगणार आणि सोमवारी पाडणार. शेजारचे धर्माजी काका मदतीला येणार आहेत. अख्खा ओंडका घाटातून कसा आणायचा ते तुम्हीच बघा, साल जपायला मी सांगितलंय.

मोहिनी

---

राजुरी
२१ नोव्हेंबर

मोहिनी,

सोमवारी तू माझ्याशी नीट बोलली नाहीस आणि मीही तात्यांच्या बाईकवर मागे बसून तशीच निघून आले. म्हणून जे तोंडाने सांगता आलं नाही ते लिहितेय.

तुझं पत्र शनिवारी आलं होतं. मी पुण्यात होते, रविवारी अंधार पडल्यावर घरी पोचले. आईने हातात दिलं. 'झाडाला आधी सांगतात' इथपर्यंत मी मोठ्याने वाचलं आणि पुढचं भराभरा मनातच वाचून काढलं. आईने भाकरी तव्यावर टाकून विचारलं, "कोणतं झाड?" तेव्हा मला उमगलं. लांबी, ओंडका, आजींचं गप्प होणं, सगळं एकदम उमगलं. मोहिनी, मला फळ हवं होतं गं. हिरडा म्हणजे फळ! गुळलोखंडाच्या पाण्याला वाळक्या हिरड्याचा काढा लागला की ते काळंभोर होतं, त्याचीच माझी शाई. जून फळाच्या सालीत तो गुण असतो, म्हणून जून, म्हणून साल, म्हणून अख्खा. आणि ठशाच्या फळ्या? त्या मोडक्या दारांच्या आहेत, भंगारातून आणलेल्या. हे मी एका ओळीत लिहिलं असतं तर! पण मला सगळं ठाऊक होतं, म्हणून तुम्हालाही ठाऊक असणार असंच धरून चालले.

तात्यांना सांगितलं तर आधी हसले, मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. पहाटे बाईक काढली. घोडेगाव मागे टाकलं. डिंभे धरणाच्या पुढे रस्ता चढायला लागला तसं मी प्रत्येक वळणावर कान देत होते, कुऱ्हाडीचा आवाज येतो का म्हणून.

काका ओट्यावर कुऱ्हाडीला धार लावत होते. मी उतरून धावत सुटले आणि ओरडले ते तुला आठवतच असेल, "काका, फळ! मला फळ पाहिजे होतं!" धर्माजी काका हसायला लागले. तुझे बाबा हसले नाहीत. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि धोतराने हात पुसले, बराच वेळ पुसत राहिले. तात्या पुढे होऊन म्हणाले, "पावणं, पोरीला लिहिता येतं हो, नीट मागता येत न्हाई." त्यावर आजी उठून चहा ठेवायला आत गेल्या. तू दारात उभी होतीस, माझ्याकडे बघत नव्हतीस.

आता एक गोष्ट सांगते, तिची मला लाज वाटते. मी झाडाजवळ गेले, रविवारचा घाव बघायला. त्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या. नुसत्या काळ्या नाहीत, निळसर, ओल्या काळ्या. कुऱ्हाडीचं लोखंड आणि हिरड्याचा रस, एका रात्रीत. दोन वर्षं मी मडक्यांमधून जो काळा शोधतेय तो तिथे आपोआप झाला होता. बोट लावलं तर बोटाला आला. आणि मला आनंद झाला गं! तुमच्या घरावर एवढं आणून मला त्या घावाकडे बघून आनंद झाला. पत्राच्या कोपऱ्यात बोटाचा डाग आहे, तो तोच.

झाड जगेल ना? एका घावाने काही होत नाही असं धर्माजी काका म्हणाले, पण तू बघून सांग.

वृषाली

---

वाडी
५ डिसेंबर

प्रिय वृषाली,

झाड जगेल. घावावर आजीने शेणमाती लिंपलीय.

आता माझं ऐक. चूक तुझ्या एकटीची नाही. हिरडा म्हटलं की आम्हालाही आधी फळच आठवतं. पण भादव्यात कुणी जून हिरडा मागतं का? तेव्हा झाडावर अर्धवट वाढलेली हिरवी फळं असतात. बाळहिरडा, म्हणजे अगदी कोवळं फळ, आम्ही मे महिन्यातच वेचून विकलेला असतो आणि पिकलेला पडतो माघात. तू ठशाच्या लाकडाचं लिहून लगेच दारचा जून हिरडा मागितलास, मग झाडाशिवाय दुसरं काय समजणार? देशावरची माणसं झाडाकडे न बघता फळ मागतात, एवढंच.

मला राग आला होता आणि तो मी पत्रात लपवला. सरळ विचारलं असतं, 'झाड कशाला तोडायला लावतेस गं?', तर तिथेच मिटलं असतं. पण मला वाटलं, तीन वर्षं तुमच्याकडे राहिले, काकूंच्या हातचं खाल्लं, त्याचं आता मागणं आलंय. असं वाटलं याचंच मला जास्त वाईट वाटतंय. मागच्या आठवड्यात मी एकटीच यावर रडले.

पण इथे एक भलतंच होऊन बसलंय. बाबा त्या झाडाखाली जात नाहीत. रोज दुपारी जेवून तिथे बसायचे, सुपारी कातरायचे, तिथेच डुलकी घ्यायचे. आता बाहेर गोठ्याच्या भिंतीला टेकून बसतात. शेळ्याही दुसरीकडे बांधल्या. मी म्हटलं, बाबा, तिला झाड नको होतं, आता आपलंच आहे. तर म्हणाले, "वाडीम्होरं दिलं म्हनून सांगितलं. घेनारीनं घेतलं न्हाई म्हनून देनाऱ्यानं परत घ्यायचं का?" येणारा जाणारा विचारतो, 'राजुरीवाले कधी नेणार?' ते मान खाली घालतात. झाड वाचलं याचा त्यांना आनंद आहे, पण शब्द वाया गेला असं त्यांना झालंय. काय करायचं ते मला सुचत नाही.

मोहिनी

---

राजुरी
१६ डिसेंबर

आदरणीय सावळेराम काका,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मोहिनी तुम्हाला वाचून दाखवेल.

तुम्ही मला तुमच्या दारचं झाड दिलंत. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं आणि ते मी न मागता मागून बसले. तुमचा शब्द खरा आहे, झाड माझं झालं. आता ते मी माझ्या खुशीने तुम्हाला परत करते. वाडीत सगळ्यांना तसं सांगा. मी सही करून देते. कृपा करून पहिल्यासारखे त्याच्याखाली बसा.

आमंत्रणातली मधली ओळ मी काढून टाकलीय. आता ती लिहायला हात धजत नाही. चित्रं तेवढी आहेत. त्यातलं एक तुमच्या हिरड्याचं आहे, मोडक्या दाराच्या फळीवर कोरलेलं. शाई मात्र दुकानातून आणलेल्या हिरड्याची आहे, ती मनासारखी काळी झालेली नाही.

आपली,
वृषाली

---

वाडी
२ फेब्रुवारी

(वृषाली, आजी सांगतेय आणि मी लिहितेय. बाबांनी तुझं पत्र ऐकून घेतलं आणि उठून शेताकडे गेले. मग महिनाभर आजीने हा विषय कुणाला काढू दिला नाही. आज सकाळी स्वतःच म्हणाली, कागद घे. तिने म्हटलं तसंच लिहायचं असा हुकूम आहे.)

चिरंजीव वृषालीस अंबाबाई आजीचा आशीर्वाद.

तुझं परदर्शन झालं म्हनं. लई मानसं आली, असं मोहिनी सांगती. बरं झालं. काळा नीट उमटला न्हाई म्हून तू कष्टी झाली ते बी कळलं. दुकानातला हिरडा कदीचा वाळलेला, कुनी बघितलाय? उमटंल कसा.

आता तुझ्या कागदाचं. तू झाड परत केलं. का गं? ते काय लुगडं हाय, रंग आवडला न्हाई म्हून दुकानात बदलून आनायला? सावळ्यानं दिलं, ते म्या ऐकलं, वाडीनं ऐकलं, झाडाला बी सांगून झालं. नारळ फोडला तो काय परत जोडायचा? सही करून देते म्हनती. झाडाला सही वाचता येती का?

दिलेलं आमी माघारी घेत न्हाई. झाड तुझंच हाय. पर झाड घेतलं म्हंजी तोडून न्यावं लागतं, असं तुला कुनी सांगितलं? म्हशी दुसऱ्याच्या गोठ्यात ऱ्हात्यात का न्हाई? तसं ते हितं ऱ्हाईल. तुझ्या वडलास्नी, तात्यास्नी, बी हेच सांग, चांगदेव शाना मानूस हाय, त्यास्नी कळंल.

(मी विचारलं, आजी, हे तुला आधीच का नाही सुचलं? म्हणाली, सुचलं होतं, पण फळ पडायची वाट बघत होते.)

आता माघ लागला. हिरडा पिकून पडाय लागलाय. रोज सकाळी अंगनात खच पडतुय. आमी उचलत न्हाई. दुसऱ्याच्या झाडाखालचं आमी कदी उचललं न्हाई, तुझं कसं उचलू? सडून जाईल, मंग रडशील. पोतं घिऊन ये. लवकर आली तर घरात जागा हाय, जेवान हाय. दर साली यावं लागंल, हे आत्ताच सांगून ठिवते. झाड सांभाळायचं तर यावंच लागतं. पाला बी लई पडतुय, तो कोन लोटनार? मी न्हाई लोटायची, माझी कंबर गेली.

त्या राशीच्या ठशाचं तू सारखं इचारती. त्याच्यावर काय व्हतं ते मला आठवत न्हाई, पर आली तर बसून बघू, हाताला आठवंल कदाचित.

आनि एक. सावळ्या अजून गोठ्यापाशीच बसतुय. त्याला म्या लई सांगितलं, आपली मोहिनी बी सांगती. तो ऐकत न्हाई. म्हनतो, ज्याचं झाड त्यानं 'बस' म्हनाय पायजे. तवा तू ये, आनि तुझ्या झाडाखाली त्याला बस म्हन. माघाचं ऊन हाय तवर ठीक हाय, पुढं चैत येतुय. मानूस उन्हात बसलाय, पोरी. लवकर ये.